मार्थाबाईंच्या दह्याचा क्रेट

मी एक क्रेट बोलतोय. निळा, प्लास्टिकचा, जाळीदार बाजूंचा. कुठल्याही भाजीबाजारात माझे भाऊबंद एकमेकांच्या डोक्यावर चढून बसलेले दिसतील. क्रेटला कसलं आलंय आयुष्य, माल भरला, माल उतरला, संपलं, असं तुम्हाला वाटेल. पण भरणाऱ्याला माल उतरताना दिसत नाही आणि उतरवून घेणाऱ्याला तो भरताना दिसत नाही. मधलं सगळं मी पाहिलेलं असतं. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीतला. साचा उघडला आणि मी बाहेर पडलो, तेव्हा अंगात अजून ऊब होती. माझे पहिले मालक सहादेव, अकोल्याकडचे टोमॅटोवाले. माणूस भला. बाजारातून परतल्यावर आम्हाला पाइपाच्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथं घालायचा. बाजारात मात्र आमची दैना. हमाल मला गाडीवरून खाली सोडायचे. ‘टाकलं’ असं ते कधी म्हणत नाहीत, ‘सोडलं’ म्हणतात. कच्च्या टोमॅटोला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे माझीही समजूत झाली होती, की माल म्हणजे आदळायचीच गोष्ट.

पुढे सहादेवांनी टोमॅटो सोडून ऊस लावला. उसाला क्रेट लागत नाही. आमची रवानगी कोल्हारच्या एका भंगारवाल्याकडे झाली. तिथे लोक येता-जाता माझ्यावर बसून चहा प्यायचे. माणसाची ही एक गंमतच आहे. बसायला काही मिळालं नाही की तो आधी क्रेट शोधतो.

एके दिवशी एक उंच, हसरा तरुण आला. त्यानं मला उचलून नाकाशी धरलं.

“टोमॅटोचा वास जाईल का याचा?”

“धुतला की जातोय,” भंगारवाला म्हणाला. “कशाला पायजे?”

“दह्याला.”

भंगारवाल्यानं मान वर करून पाहिलं. “दही कुनी क्रेटात नेतं व्हय?”

“मडक्यात नेतात. मडकी क्रेटात,” तरुण म्हणाला आणि त्यानं आमची चळत टेम्पोत चढवली. त्याचं नाव जोएल. टेम्पो त्याचा स्वतःचा, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो.

जोएलचं घर बाभळेश्वरजवळच्या एका वाडीत. आई मार्थाबाई म्हशी पाळायच्या आणि त्यांच्या हातचं दही पंचक्रोशीत माहीत होतं. देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या वार्षिक सभेचं जेवण असलं, की दही मार्थाबाईंचंच. मातीच्या छोट्या मडक्यात लावलेलं, चमचा उभा राहील असं घट्ट. ते खाऊन लोक विचारायला लागले, विकत मिळेल का. जोएल तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. ती नोकरी सोडून त्यानं हा टेम्पो घेतला आणि आईचं दही गावोगाव पोचवायचं ठरवलं.

पहिलं गिऱ्हाईक राहात्याच्या पुष्पावतीताई. त्या घरगुती डबे करायच्या. मग लोणीतली दोन हॉटेलं, आणि शेवटी शिर्डीचे राधाकृष्ण. राधाकृष्ण मूळचे आंध्रातले. शिर्डीत येणाऱ्या तेलुगू भक्तांसाठी त्यांची खाणावळ होती आणि दहीभाताशिवाय तिथलं ताट पुरं होत नसे. आपल्या गिऱ्हाइकांमधे तेच सगळ्यात मोठे.

दही उत्तम होतं. पोचवणं मात्र रामभरोसे. कुणाचाही फोन आला की जोएल म्हणायचा, “हो, आणतो की.” कधी, कुठल्या वाटेनं, याचा विचार गाडी सुरू झाल्यावर. हाताला येईल तो क्रेट आधी चढायचा. राहात्यात थांबलं की कळायचं, पुष्पावतीताईंची मडकी शिर्डीच्या मडक्यांखाली दबलीत. मग भर रस्त्यात सगळं खाली, सगळं वर. शिर्डीत पोचल्यावर लोणीचा फोन यायचा, की गाडी उलटी लोणीला. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे मी टोमॅटोबरोबर सोसले होते, पण दह्याबरोबर ते वेगळेच लागायचे. मडकं मडक्यावर आपटून काठ उडायचे. जी वाचायची त्यांच्यात वर पाणी सुटलेलं असायचं.

मार्थाबाई परत आलेल्या मडक्यात बोट घालून बघायच्या आणि म्हणायच्या, “दही म्हंजे निजलेलं लेकरू हाय, जोएल. हलवलं की उठतं. आन् उठलं की पुन्हा निजत न्हाई.”

जोएल म्हणायचा, “रस्ताच तसा हाय, आई. मी काय करू?”

अशातच जोएलचं लग्न झालं आणि जास्मिन घरात आली. ती नेवाशाची. लग्नाआधी नगरच्या एका कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावायच्या कामाला होती. बारीक चणीची, कमी बोलणारी. पहिले काही दिवस ती नुसती ओट्यावर उभी राहून टेम्पो भरताना बघायची. एकदा न राहवून म्हणाली, “राहातं आधी लागतं ना? मग राहात्याचं खाली का?”

“जे आधी तयार झालं ते आधी चढवलं,” जोएल म्हणाला.

“आमच्या ऑफिसात उलटं असायचं. जे शेवटी उतरायचं ते आधी चढायचं.”

जोएल हसला. पण दुसऱ्या दिवशी तसं भरून बघितलं आणि राहात्यात त्याला एकच क्रेट उतरवावा लागला, तोही सगळ्यात वरचा. तेव्हापासून भरायचं काम जास्मिनकडे आलं. लोणी आणि शिर्डी एका दिवशी करायचं नाही, आलटून पालटून जायचं, हेही तिनंच ठरवलं. लोणीवाले आधी कुरकुरले. मग दही ठरल्या दिवशी न चुकता यायला लागलं, तसे गप्प झाले.

मडकी आपटायचा प्रश्न राहिला होता. जास्मिननं पेंढा घालून पाहिला, तर त्याच्या काड्या दह्यात पडल्या. खोक्याचे पुठ्ठे घातले, ते ओलीनं लगदा झाले. एका दुपारी मार्थाबाई जुनं लुगडं फाडत बसल्या. पट्टी पिळायची, गोल वळायची, टोक आत खोचायचं.

“काय करताय, आई?” जास्मिननं विचारलं.

“चुंबळ. डोईवर हांडा ठेवायला न्हाई का करत? माझी आय लांबच्या विहिरीवरनं पानी आनायची, थेंब सांडत नसे. डोईला जमतं ते या क्रेटाला का जमू नये?”

प्रत्येक मडक्याखाली एक लहानशी चुंबळ बसली. माझ्या तळाला एवढं मऊ कधी काही लागलं नव्हतं. त्या दिवशी राधाकृष्णांच्या खाणावळीत माझ्यातलं एकही मडकं फुटलेलं निघालं नाही. सासूनं चुंबळी वळायच्या, सुनेनं क्रेट लावायचे, जोएलनं गाडी हाकायची, असं ते चाललं.

मग रामनवमी आली.

शिर्डीची रामनवमी म्हणजे चैत्राचं ऊन, पायी येणाऱ्या पालख्या आणि रस्त्यावर माणूसच माणूस. राधाकृष्णांचा फोन आला, की उत्सवाच्या दिवसांत नेहमीच्या कितीतरी पट दही लागेल. जोएल ओट्यावरच होता. “हो, आणतो की,” म्हणाला आणि फोन ठेवला.

“पोचवायची वेळ कोणती सांगितली?” जास्मिननं विचारलं.

“वेळ कशाला सांगायची? रोजचीच.”

“रामनवमी रोजची हाय का?”

जास्मिननं आम्हा क्रेटांना अंगणात ओळीनं मांडलं. एक बाभळेश्वर, एक राहाता, एक साकुरी, आणि मला शेवटी ठेवून म्हणाली, “ही शिर्डी. साकुरीच्या पुढं त्या दिवशी गाडी सोडणार न्हाईत. सकाळी रस्ता अडवायच्या आत आपण आत पायजे. म्हंजे इथनं अंधारात निघायला पायजे. म्हंजे दही त्याच्याही आधी लागायला पायजे. विरजण संध्याकाळी न्हाई, दुपारीच.”

“मी इतकी वर्षं या रस्त्यानं गाडी चालवतोय,” जोएल म्हणाला. “तू नेवाशाहून येऊन मला शिर्डीचा रस्ता शिकवणार?”

“रस्ता न्हाई शिकवत. त्या दिवशी रस्ता नसणार, एवढंच म्हणते.”

जोएलनं मला पायानं बाजूला सारलं. जोरात नाही, पण सारलं. मार्थाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मुलाचा मान राखावा की सुनेचं ऐकावं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी विरजण संध्याकाळीच लावलं.

उत्सवाच्या पहिल्या दिवशी जोएल नेहमीच्या वेळेला एकटाच निघाला. राहात्यापर्यंत ठीक. साकुरीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली, पुढे अडथळे लावलेले. पोलिसानं हातानंच सांगितलं, मागं घ्या. मागं घ्यायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंनी पालख्या चाललेल्या, झांजा वाजत होत्या, आणि टेम्पोचा पत्रा तव्यासारखा तापत होता. आमच्यावर टाकलेली ओली पोती वाळून कडक झाली. मला आतून जाणवलं. मडक्यांमधे बारीक हालचाल सुरू झाली, पाणी वेगळं व्हायला लागलं, मग आंबूस वास सुटला. लेकरू उठलं होतं.

राधाकृष्णांचा फोन आला. जोएल म्हणाला, “पोचतोच आहे.” पुन्हा फोन आला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी राधाकृष्णच म्हणाले, “जोएलभाऊ, राहू द्या. माणसं ताटावर बसली आहेत. मी डेअरीचे कप मागवले. कप वेळेवर येतात.” आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच जोएल फोन कानाला तसाच धरून बसला.

मग त्यानं घरी फोन लावला. 

“न्हाई पोचलं,” तो म्हणाला. “सगळं आंबलं.”

मला वाटलं, आता जास्मिन म्हणेल, मी सांगितलं होतं. तिनं विचारलं, “तुम्ही सावलीत आहात का? पाणी प्यालात का?”

“हाय पाणी.”

“रांग सुटली की पुष्पावतीताईंकडे जा. मी त्यांना फोन करते. आंबलेल्या दह्याचं ताक होतं.”

पुष्पावतीताईंच्या दारात आम्ही उतरलो. त्यांनी मोठं पातेलं काढलं, दही घुसळलं, मीठ-जिरं घातलं आणि रस्त्यानं चाललेल्या पालखीवाल्यांना ताक द्यायला सुरुवात केली. जोएलही पेले भरत होता. लोक पीत होते, तोंड पुसत होते, “लई गार वाटलं,” म्हणत होते. जोएल कुणाकडे मान वर करून बघत नव्हता.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलत होती. चुलीवरून उतरवलेलं दूध कोमट झालं होतं आणि मार्थाबाई विरजणाची वाटी हातात धरून बसल्या होत्या.

“लावू का नगं?” त्या म्हणाल्या. “उद्या घेनारच कुनी नसलं तर एवढं दही करून काय करू? आन् आत्ता लावलं न्हाई तर पहाटंला लागायचं न्हाई. दूध थांबत न्हाई बाई कुनासाठी.”

जास्मिननं राधाकृष्णांना फोन लावला. जोएल उंबऱ्यात उभा होता.

“मी जास्मिन, मार्थाबाईंची सून. आज तुमची पंगत आमच्यामुळं अडली. चूक आमची.”

“ठीक आहे, ताई. पण उद्याचं मला सांगू नका. कप येणार आहेत.”

“कप येऊ द्या. आम्ही फक्त एक क्रेट आणतो. तुमची पहिली चूल पेटायच्या आत दारात नसला, तर आमच्याशी पुन्हा बोलू नका.”

मग राधाकृष्ण म्हणाले, “गाडी कशी आणणार?”

“गाडी न्हाई आणणार. माणूस आणेल.”

“आणा एक,” ते म्हणाले. “बघू.”

मार्थाबाईंनी वाटी उचलली आणि दुधात विरजण घातलं.

जोएल अंगणात येऊन आमच्याजवळ उकिडवा बसला. मग त्यानं एकेक क्रेट उचलून ओळीत लावला. बाभळेश्वर, राहाता, साकुरी. मला शेवटी ठेवलं. “साकुरीतून मागच्या बाजूनं एक पाऊलवाट हाय,” तो जास्मिनला म्हणाला. “पेरूच्या बागांमधनं. गाडी जात न्हाई, पण मानूस जातो. ती तुला कुठनं म्हाईत असणार.”

“न्हाईच माहीत,” जास्मिन म्हणाली. “बाकीचे क्रेट कुठं ठेवायचे तेवढं ठरवू. उन्हात न्हाई ठेवायचे.”

“पुष्पावतीताईंकडं,” मार्थाबाई म्हणाल्या. “तिची मागची खोली थंड हाय.”

“म्हंजे बाकीचंही करायचं?” जोएलनं विचारलं.

“एक आवडला तर तो दुसरा मागंल. त्या वेळी घरी पळत येणार का?” मार्थाबाईंनीच उलट विचारलं.

अंधारातच निघालो. बाकीचे क्रेट राहात्याला पुष्पावतीताईंच्या मागच्या खोलीत उतरले. मी एकटाच पुढे गेलो. साकुरीच्या अलीकडे टेम्पो एका झाडाखाली लावला. मार्थाबाईंनी एक मोठी चुंबळ दिली होती, ती जोएलनं डोक्यावर ठेवली आणि वर मला घेतलं. पुढे जास्मिन, मागे आम्ही.

मी ट्रकमधून, टेम्पोतून, हातगाडीवरून गेलोय. माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदाच चाललो होतो. जोएल एरवी पावलं टाकायचा ती लांब लांब, घाईची. त्या दिवशी तो आपल्या आजीसारखा चालत होता, मान ताठ, गुडघे किंचित वाकलेले. बांधावरून उतरताना जास्मिन मागे वळून हात पुढे करायची. तो म्हणायचा, “नको, डोलेल.” बागा संपल्या आणि आम्ही गर्दीत शिरलो. झेंडे, पताका, गजर. जास्मिन वाट काढत होती, “जरा सरका दादा, दही हाय. मावशी, जरा बाजूला.” एका म्हातारबांनी तर दहीहंडी समजून मला हात जोडले.

खाणावळीच्या मागल्या दारात आम्ही पोचलो, तेव्हा आचारी चुलीची राख काढत होता. राधाकृष्ण बाहेर आले. जोएलनं मला हळूच खाली ठेवलं. त्याच्या मानेवर घामाचे ओघळ होते. राधाकृष्णांनी एक मडकं उचललं, वरचा कागद काढला आणि मडकं तिरपं केलं. दही जागचं हललं नाही. त्यांनी ते आणखी तिरपं केलं. मग बोटानं थोडं घेऊन जिभेवर ठेवलं.

“गोड आहे,” ते म्हणाले. मग जोएलच्या डोक्यावरच्या चुंबळीकडे बघितलं. “डोक्यावर आणलं?”

“वाट तेवढीच होती,” जोएल म्हणाला.

“बाकीचं कुठे आहे?”

“राहात्यात. थंड खोलीत,” जास्मिन म्हणाली.

राधाकृष्णांनी आतल्या दोन पोरांना हाक मारली. “यांच्याबरोबर जा. त्या बागेच्या वाटेनं. आणि क्रेट डोक्यावर घ्यायचा, खांद्यावर नाही.”

त्या दिवशी पंगतीला मार्थाबाईंचं दही होतं. सगळ्यांना नाही. काही ताटांत डेअरीचे कपही होते, ते आधीच मागवलेले होते. पण पुढच्या दिवसाचे कप राधाकृष्णांनी मागवले नाहीत. निघताना ते जोएलला एवढंच म्हणाले, “येणार नसाल तर ‘येतो’ म्हणू नका. मी वाट बघतो, मग पंगत वाट बघते.”

जोएलनं मान हलवली. रिकाम्या मला घेऊन दोघं परतली. झाडाखाली टेम्पोजवळ आल्यावर त्यानं किल्ली जास्मिनच्या हातात दिली, चाकाला टेकून बसला आणि म्हणाला, “आधी सांगितलं तवा ऐकायला पायजे हुतं.” ती त्याच्याशेजारी बसली. दोघं एका बाटलीतलं पाणी प्याली. एवढंच. माणसं फार बोलतात असा माझा समज होता, तो त्या दिवशी थोडा बदलला.

आता धंदा बरा चाललाय. जोएल फोनवर “विचारून सांगतो” म्हणायला शिकलाय. शिर्डीत आणखी दोन खाणावळी जोडल्या गेल्यात. एक मुंबईचं दुकान दही कुरिअरनं पाठवा म्हणून मागं लागलं होतं. जास्मिननं एकदा बसून विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. जिथवर निजलेलं दही निजलेलंच पोचेल, तिथवरच आपला गाव, असं ती म्हणाली. मार्थाबाईंना ते फार आवडलं.

माझा एक कोपरा तडकलाय. जोएलनं तारेनं शिवला, पण आता भरल्या मडक्यांचा भार मला पेलत नाही. म्हणून मला रिकाम्या मडक्यांवर लावलंय. जाताना मी टेम्पोत मोकळा असतो, येताना धुतलेली मडकी आणि ओल्या चुंबळी घेऊन परततो. हलकं काम आहे. उतारवयाला शोभेसं.

एक विनंती करून थांबतो. आमच्यातले बरेच जण गिऱ्हाइकांकडे जातात आणि परतच येत नाहीत. कुणाच्या घरी त्यांच्यात कांदे असतात, कुठे चपला, कुठे कोंबडी अंडी उबवत बसलेली असते. क्रेट मजबूत असतो, कामाचा असतो, कुणाला द्यावासा वाटत नाही, हे मला कळतं. पण पहाटे अंगणात जास्मिन ओळ लावते, तेव्हा एक जागा मोकळी राहते. तेवढी मडकी घरीच राहतात, आणि कुणाच्या तरी ताटात त्या दिवशी दही नसतं. तुमच्या घरात असा एखादा निळा क्रेट पडला असेल, तर तो रिकामा करा, धुवा आणि सकाळी दारात ठेवा. टेम्पो येईल, आणि येणार नसला तर आधी कळवेल.